एक बाजू पूर्ण

महाडच्या बाजारपेठेत अँप्लिफायर दुरुस्त करणारा तो माणूस जुन्या थ्रॅश मेटलचा, म्हणजे सुसाट वेगाच्या दणदणीत रॉक संगीताचा, वेडा होता. त्याच्या दुकानात आम्ही चारपाच जण बँडांवरून भांडायचो. नियम एकच: कॅसेटची एक बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय त्या बँडबद्दल तोंड उघडायचं नाही. मध्येच कुणी बोललं, तर तो हातातलं काम ठेवून कॅसेट पहिल्यापासून लावायचा.

माझा आवडता बँड युद्धाविरुद्ध, सत्तेविरुद्ध गाणारा. जे गाणं कुणाच्या विरोधात नाही तो नुसता गोंगाट, असं मी ठणकावायचो. तो हसायचा. "तुझा बँड भाषण ठोकतो रे. माझ्यावाल्यांचा गिटारवरचा हात ऐक, मशीन हाय मशीन!"

त्या पावसाळ्यात बाजारपेठेत शिरलेला पूर ओसरल्यावर मी फावडं घेऊन, वेळेवर इशारा न देणाऱ्या सरकारी लोकांना शिव्या घालतच त्याच्या दुकानात गेलो. त्याच्या सगळ्या कॅसेटी चिखलात होत्या. माझ्या बँडची, काकाकडून आणून मी त्याला ऐकायला दिलेली कॅसेट तेवढी त्यानं माळ्यावरून काढून हातात दिली. कोरडी ठणठणीत.

"स्वतःच्या का नाही उचलल्या?" मी ओरडलोच.

"दुसऱ्याची वस्तू आधी. तेवढ्यात पाणी आलं." मग म्हणाला, "जिंकलास. आता तुझाच बँड भारी. दुसरा उरलाच नाय."

त्याचा बँड किती भारी होता, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"नियम हाय," तो म्हणाला. "आधी एक बाजू पूर्ण ऐक."

ऐकवायला त्याच्याकडे आता काहीच नव्हतं. मी फावडं उचलून चिखल ओढू लागलो.