सतरा नंबरचा डबा

पौषातली सकाळ होती. आम्ही दोघं ओसरीवर उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. आमच्या वऱ्हाडात त्या हिरव्या दाण्यांना सोले म्हणतात. दोघांच्या मधे जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, हलका कडीचा डबा होता. अर्धा शेर दूध मावेल एवढा, बुडाला सतराचा आकडा टोचलेला. डबा काठोकाठ भरायचा आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मूर्तिजापूरहून गाडीनं अमरावतीला नेऊन द्यायचा. आमची पोरगी ज्या अनाथालयातून आणली, तिथं. कितीक वर्षांचा नेम होता.

हिचा हात माझ्या दुप्पट चालायचा. मी एक शेंग सोलेपर्यंत हिच्या तीन. वरून म्हणते, "सोलून राहिले का गोंजारून राहिले?"

मी म्हटलं, "तुह्या तोंडाएवढा हात चालत नाही माहा."

हसली. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं हे असं. आधी माहीत असतं तर काही बरं बोललो असतो असं लोक म्हणतात. मी तेही बोललो नसतो. मला बरं बोलता येत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

डबा तीन हिस्से भरला तेव्हा म्हणाली, छातीत जळजळते, जराशी पडते. आत गेली. मी शेंगा सोलत राहिलो. मग पाणी मागितलं तिनं, ते मी दिलं, आणि तोंड पाहून डॉक्टरकडे धावलो. डॉक्टरला घेऊन आलो तोवर काही उरलं नव्हतं. पोरगी अकोल्याला दिलेली. तिला निरोप गेला, ती दुपारच्या गाडीनं आली, आणि दिवस बुडायच्या आत आम्ही हिला जाळून घरी आलो. डबा फळीवर तसाच होता, चौथाई रिकामा.

या डब्याचं सांगतो.

आम्हाला तीन लेकरं झाली आणि तिन्ही वर्षाच्या आत गेली. तिसऱ्यानंतर ही बोलेनाशीच झाली. स्वयंपाक करायची, कापूस वेचायला यायची, रात्री झोपायची, बस. दवाखान्यातल्या नर्सबाईनं एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं की अमरावतीला अनाथ लेकरांचं घर आहे, तिथं जाऊन पाहा. तेव्हा शेर आणि पायली चालत होती, किलो आला नव्हता. हिनं मूर्तिजापूरच्या पलीकडे कारंजापर्यंतचा मुलूख पाहिलेला, तोही आमच्या अरुंद रुळांच्या लहान गाडीनं, जिच्यातून उतरून माणूस लघवीला जाऊन पुन्हा चढू शकत होता. बदनेऱ्याला मोठ्या गाडीतून उतरून अमरावतीची गाडी धरली तेव्हा हिनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं ते सोडलंच नाही. अमरावती म्हणजे हिच्या लेखी परदेश.

कवेलूच्या छपराचं लांब घर, पुढं कडुनिंब, दोरीवर वाळत घातलेली सगळी एका मापाची झबली. तिथल्या मोठ्या बाईंनी आम्हाला अंगणात नेलं. वर्षाची एक पोरगी निंबाखाली बसून माती खात होती. मी बोललो, "हे तं माती खाते."

ही कितीक महिन्यांनी तोंड उघडून म्हणाली, "माती खाल्ल्याबिगर कोणतं लेकरू मोठं झालं?" आणि तिला उचललं. तिच्या तोंडातली माती बोटानं काढली, पदराला पुसली. मी कागदावर सही केली, हिनं अंगठा दिला. निघताना बाईंनी वाटेसाठी त्या डब्यात दूध भरून दिलं. म्हणाल्या, डबा सवडीनं पाठवा.

घरी आलो तर माझी मोठी भावजय दारातच. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. म्हणाली, कोणाची कोण, काय जातीची, आणून घरात बसवली. मी तोंड उघडायच्या आधी ही बोलली, "जाऊबाई, तुमी बी परक्याच्या घरून आल्या, मी बी आली. आपल्याले आणलं तसं हिले आणलं." भावजय आपल्या घरात गेली. पण मोहल्ल्याला आमच्या दोघांकडून ताकीद गेली, की पोरीच्या कानावर हे कोणी घालायचं नाही. वऱ्हाडात लोक तोंडावर वाट्टेल ते बोलतात, पण हे त्यांनी पाळलं. भावजयीनंही पाळलं.

डबा मात्र राहून गेला. आमच्यात शेजाऱ्याची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत. चिमूटभर साखर घाला, चार दाणे घाला, पण काही घालूनच द्यायची. ही दर दिवाळीला डबा राखेनं घासायची आणि म्हणायची, यंदा देऊन येऊ. मी म्हणायचो, साखर भर अन् देऊन टाक.

"लेक देल्ली त्याईनं. तिच्या बदल्यात साखर देऊ?"

मग काय द्यायचं हे तिला सुचत नव्हतं, आणि वर्ष जात होतं. खरी गोष्ट मला ठाऊक होती. हिला भीती होती की डबा घेऊन गेलो तर त्यांना पोरीची आठवण होईल, आणि पोरीला त्यांची. मी ते बोललो नाही. एवढं एकच मी कधी बोललो नाही.

पोरगी वाढली. काळीसावळी, दांडगट. गुरांच्या वाड्यातल्या म्हशीला वगार झाली, ती पोरीनं आपली मानली. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी तिला पाणी पाजायची, मग आईला हाक मारायची. हंगामात रस्त्यानं सरकी काढायच्या जीनकडे कापसाच्या बैलगाड्या जायच्या, दोन्ही बाजूच्या बाभळींना कापूस अडकून राहायचा. पोरगी तो ओटीत गोळा करून आणायची आणि म्हणायची, माय, हा घे, फुकटचा. पोरीच्या गादीत ही तो कापूस भरायची. गादी अजून आहे.

ती चौथीत होती त्या दिवाळीला मायलेकी अंगणात भांडी घासत होत्या. पोरीला नवीन वाचायची हौस. एकेक भांडं उलटं करून नाव वाचत होती. परातीवर हिच्या बापाचं नाव, पाण्याच्या गुंडावर माझं, पितळी डब्यावर माझ्या आईचं. मग तो डबा हातात आला.

"माय, ह्याच्यावर नावच नाही. सतरा कावून टोचलं?"

ही म्हणाली, बाजारातून जुना घेतला असंन. मी दाढी करत बसलो होतो. मला खोटं ऐकवत नाही, आणि विचार करून बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "बाजारातला नाही तो. तुह्या घरचा डबा हाय."

"माह्या कोणत्या घरचा?"

मग सांगावंच लागलं. मीच सांगितलं, दाढीला साबण तसाच. ही राखेच्या हातानं बसून राहिली. पोरगी ऐकून उठली, वगारीजवळ जाऊन बसली. दोन दिवस मला ताट वाढून मिळायचं, पण सरकवल्यासारखं. पोरगी जेवायची, शाळेत जायची, आईकडे पाहायची नाही. ही चुलीपुढं बसून माझ्याकडे अशी पाहायची, की मीच चौथं लेकरू मारलं.

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता पोरगी म्हणाली, "मंग डबा परत कावून नाही केला?"

हिनं तिच्या ताटात भाकर वाढली.

"लोकाचं भांडं घरात ठेवत नसतात. तूच म्हणते नं?"

शिकवण हिचीच. हिनं मुदत मागितली तशी म्हणाली, शेतात तूर भरू दे. हिच्या माहेरची रीत होती, शेतातलं पहिलं घरात खायचं नाही, कोणाला तरी द्यायचं. पौष लागला. कपाशीच्या तासांमधली तूर भरली. पोरीनं शेंगा आणल्या आणि आम्हाला हात लावू दिला नाही. माझा डबा आहे, मीच भरीन, म्हणाली. एकटीनं बसून नखं हिरवी होईपर्यंत सोले काढले.

निघायच्या सकाळी ही मला वाड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली. "अजी, पोरगी तिथंच राहतो म्हणाली तं?"

मी म्हटलं, "राहीन तं राहीन." का म्हटलं कोणास ठाऊक. हिनं पदर डोक्यावर घेतला आणि चालायला लागली.

गाडीत पोरगी खिडकीत, मांडीवर डबा. ही समोर बसून पोरीच्या तोंडाकडे एकटक. नवीन पाहुण्याला पाहावं तशी. बदनेऱ्याला मी चहा घेतला, हिनं घेतला नाही.

बाई त्याच होत्या, आता चष्मा आलेला. आम्हाला ओळखलं नाही. डबा हातात घेतला, उलटा केला आणि हसल्या. म्हणाल्या, तेव्हा दर लेकराचा दुधाचा डबा वेगळा असायचा, त्याचा नंबर टाकून. सतरा म्हणजे हिचाच. पोरीनं आपलं बोट त्या आकड्यावरून फिरवलं. मग बाईंनी तिला आत नेलं, पाळणे दाखवायला, आणि ती तिथल्या पोरींमध्ये मिसळून मागच्या अंगणात गेली ती गेलीच.

आम्ही पायरीवर बसलो. आतून पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता. आमची कोणती हे मला कळेना. हिला कळत असावं, कारण हिची मान मधूनच वळायची. उन्हं निंबाच्या बुडाशी आली. परतीच्या गाडीची वेळ व्हायला लागली. मी उठलो, म्हटलं, हाक मारतो. हिनं माझा हात धरून खाली बसवलं.

"बोलावू नका. तिची ती येऊ द्या."

"गाडी जाईन."

"जाऊ द्या."

अशी ही कधी माझ्याशी बोलली नव्हती. मी बसलो. मला तेव्हा कळलं, की दहा वर्षं जिला सांभाळलं तिला ही सोडून द्यायला बसली आहे. हात थंडगार होता हिचा. मी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत बायकोचा हात धरून बसलो. कोणी पाहिलं असेल तर पाहो.

शेवटी बाईच तिला घेऊन आल्या. पोरीच्या हातात डबा. बाई म्हणत होत्या, आजची रात्र राहा की इथं, उद्या जा. ही पायरीकडे पाहत होती. मान वर केली नाही.

पोरगी म्हणाली, "नाही जमत. वगारीले पाणी पाजाचं हाय." मग आईकडे वळून, "माय, चाल लवकर, गाडी सुटन. अन् हा धर. बाईनं ह्याच्यात गूळ-फुटाणे घालून देल्ले. आता पुढच्या साली पुन्हा भरून आना लागन."

डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत बाईंनाही होती. नाहीतर तो डबा तिथंच राहिला असता आणि आमचं जाणं संपलं असतं.

गाडीत हिनं चार फुटाणे तोंडात टाकले आणि मग जी रडली, ती बदनेऱ्यापर्यंत. पोरगी मला विचारते, मायले काय झालं? मी म्हटलं, फुटाणा दातात अडकला. घरी पोचल्यावर भावजयीनं भिंतीवरून विचारलं, कुठं गेले होते. ही म्हणाली, "पोरीच्या माहेरी. आपल्याले हाय, तिले कावून नसावं?"

तेव्हापासून दर पौषात डबा भरून जायचा आणि काहीतरी घेऊन यायचा. कधी लाह्या, कधी बोरं, एकदा लेकरांनी केलेल्या चुरमुऱ्यांच्या वड्या, ज्या फोडायला खलबत्ता लागला. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा पहिली अक्षत देवाला ठेवून दुसरी ही अमरावतीला घेऊन गेली. पोरगी सासरी गेल्यावरही आम्ही दोघं जात राहिलो. गाडीत ही आता खिडकीत बसायची, आणि मूर्तिजापूर सुटलं की जे बोलायला लागायची ते थांबायची नाही. मी म्हणायचो, जरा दम घे. आता गाडीत कोणी बोलणार नाही.

हिला जाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. चूल बंद होती. भावजय घरून भाकर घेऊन आली, तिनं फळीवरचा डबा पाहिला आणि म्हणाली, सुतकाच्या घरचं दहा दिवस बाहेर जात नसते, ते सोले काळे पडतीन, फेकून द्या. चुकीचं बोलली नाही ती. रीत तीच आहे.

मी ओसरीवर गेलो. कालच्या शेंगा टोपलीत तशाच होत्या, जराशा सुकलेल्या. हिची बसायची जागा खांबाजवळची, उन्हाची. तिथं बसलो. डबा पुढं घेतला आणि सोलायला लागलो. हात मंदच चालला. थोड्या वेळानं पोरगी आतून आली, समोर बसली. काल रडून डोळे सुजलेले. तिनं मूठभर शेंगा उचलल्या. तिचा हात आईसारखा चालतो.

डबा काठोकाठ भरला. तिनं टोपण दाबून बसवलं. मी बदनेऱ्याची गाडी धरायला स्टेशनकडे निघालो. तिथं पायरीवरूनच बाईंना सांगणार होतो, घर सुतकात आहे, घ्यायचा तर घ्या. न घेतला तर डबा पायरीवर ठेवून येणार होतो. भरलेला डबा परत आणणार नव्हतो.