कूलरखालचा पापुद्रा

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — कदाचित तुम्ही आमच्या घरी कधी जेवायला येणार नाही म्हणून. गोष्ट एका कॉम्प्युटरची आहे. म्हणजे, कॉम्प्युटरची नाहीच खरं तर. पण सुरुवात तिथून केली की मला जरा सोपं जातं.

आम्ही मखमलाबादकडचे, झेंडू-शेवंतीवाले. घरात आई, थोरला दादा, वहिनी, त्यांची लहान मुलगी आणि मी. मी शेताला हात न लावणारा धाकटा. दोन हजार दोन-तीनची गोष्ट असेल. तोवर मी नाशकात एका दुकानात कॉम्प्युटर जोडायला शिकलो होतो आणि गावात आल्यावर कॉलर ताठ करून हिंडत होतो. अर्ध्या गावाला वाटायचं, मी कॉम्प्युटर स्वतः बनवतो, बियाण्यापासून. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

वहिनी बी.ए. झालेली. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिने दादाच्या मागे लागून नाशकात शालिमारजवळच्या एका क्लासमध्ये डीटीपी शिकून घेतलं. घरी बसून लग्नपत्रिका करायच्या, असं तिच्या मनात होतं. दादा तयार झाला. आई म्हणाली, "करायचं तर कर, पण तो डबा आल्यागेल्याला दिसायला नको." म्हणून जागा मिळाली ती देवघराशेजारच्या फडताळात, आणि फडताळात मावेल असा छोटा कॉम्प्युटर जोडायचं काम माझ्याकडे आलं. वहिनीने दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. "भाऊजी आहेत ना," म्हणाली.

छोट्या कॅबिनेटचं दुखणं एकच — आत उष्णता साठते. नेहमीचा उंच कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा, बसवला तर वर पॉवर सप्लाय आडवा येत होता, झाकणच लागेना. तीन दुकानं पालथी घालून मी एक बसका कूलर आणला, तांब्याच्या बुडाचा, वर चपटा पंखा. फडताळाच्या मागच्या फळीला सुताराकडून भोकं पाडून घेतली, म्हणजे गरम हवा मागून बाहेर जाईल. बसवताना वहिनी शेजारी टॉर्च धरून उभी होती. हे काय, ते कशाला, पंख्याचं तोंड असंच का — सगळं विचारत होती. मला मास्तर व्हायला फार आवडलं. मी तिला सांगितलं, कूलरच्या बुडाला हा राखाडी लेप असतो, तो प्रोसेसरला चिकटून उष्णता वर ओढतो. हे सगळं बरोबर सांगितलं मी. लेप खराब होऊ नये म्हणून त्यावर एक पारदर्शक पापुद्रा असतो, तो आधी सोलून काढायचा, हेही मला पाठ होतं. त्या पापुद्र्यावर तसं इंग्रजीत छापलेलंही असतं. पण मी बोलत होतो ना — बोलता बोलता मी कूलर तसाच दाबून बसवला.

इथवर चूकच. चूक कुणाची होत नाही? मलाही ती तेव्हा माहीत नव्हती. पण पुढचं ऐका.

तीन आठवड्यांनी वहिनी म्हणाली, "भाऊजी, मशिन मधूनच शिट्टी मारतंय." मी पाहिलं. प्रोसेसर तापल्याची सूचना होती. उघडून बघायला अर्धा तास लागला असता, आणि मला मित्रांबरोबर सोमेश्वरला जायचं होतं. मी सेटिंगमध्ये जाऊन ती शिट्टीच बंद करून टाकली. "झालं, आता नाही वाजणार," म्हटलं. ती केवढी खूश झाली! मला चहा केला.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळे, कुदळी, फवारणीचा पंप, दादाची मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते, आणि झेंडू घरचाच असल्याने हात आखडायचा प्रश्न नसतो. वहिनीने पहिल्यांदाच स्वतःच्या अवजाराची पूजा केली. कॅबिनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढली, मुलीकडून फूल वाहून घेतलं, आणि बोटाएवढ्या जाड झेंडूची माळ घातली — लांबच लांब, पुढच्या जाळीवर रुळणारी. आई मागे उभी होती. तिने तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं.

तेव्हा वहिनीकडे पहिलं मोठं काम होतं. लासलगावच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीची पत्रिका, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी, पत्रिका निम्मी झालेली असताना, मशिन बंद पडलं. जळका वास आला. वहिनी मला बोलवायला मळ्यापर्यंत धावत आली.

मी कॅबिनेट उघडलं. या वेळी टॉर्च दादाने धरला होता. वहिनी आणि आई दारात होत्या. कूलर उचलला आणि मला दिसलं — तो पापुद्रा. सुरकुतलेला, एका कोपऱ्यात तपकिरी पडलेला, पण त्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती. दादाच्या ओळखीने मी चार कॉम्प्युटर विकले होते, आणि बाहेरच्या खोलीत दुकान काढून दे म्हणून मी त्याच्या मागे लागलो होतो. त्याच आठवड्यात तो हो म्हणणार होता. मी पाठ वळवली, पापुद्रा काढून शर्टाच्या खिशात घातला. आणि जाळीवर पडलेल्या झेंडूच्या दोनतीन पाकळ्या चिमटीत धरून मी पंख्याच्या पात्यांखाली सरकवल्या. मग त्याच मीच बाहेर काढल्या. तळहातावर ठेवून दादाला दाखवल्या.

"माळेने हवा कोंडली," मी म्हणालो. "वर हे आत गेलं."

पाकळ्या आत गेलेल्याच नव्हत्या. जाळी तेवढी बारीक होती, मीच निवडून आणलेली.

आई तेवढ्याचीच वाट बघत होती. "मशिनीला कुठं माळ घालत्यात का? लय हौस हिला! हातालाच गुण नाय." दादा ओरडला नाही. त्याने टॉर्च बंद केला आणि म्हणाला, "जाऊ दे, आता नको हे." वहिनी एवढंच म्हणाली, "पण मी तर सगळ्यांनाच घातली होती." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणेन, अहो, माळेने असं नाही होत — असं तिला वाटलं असणार. दुसरं कोण म्हणणार होतं? मी स्क्रू गोळा करत बसलो.

पत्रिका दुसऱ्या प्रेसला गेली. वहिनी परत शेवंतीच्या गजऱ्यांना लागली. आणि ते मशिन? त्यात नवा प्रोसेसर घालून मी ते माझ्या दुकानात ठेवलं. हो, बाहेरच्या खोलीत. तिथे मात्र ते आल्यागेल्याला दिसलेलं आईला चाललं.

पापुद्रा दुसऱ्या दिवशी खिशात शोधला, तर शर्ट धुवायला गेलेला. पडला असेल कुठेतरी, मला बरंच वाटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी तुम्ही मला थोडं चांगलं म्हटलं असतं. पण मी त्याचा किस्सा केला. दर दसऱ्याला गिऱ्हाईक मशिनची पूजा करायचं म्हणालं की मी सुरू — "आमच्या वहिनीने एकदा काय केलं, माहितीये?" लोक पोट धरून हसायचे. वहिनी चहा घेऊन यायची तेव्हाही मी सांगायचो. तीही हसायची. मला वाटायचं, विसरली.

सहासात वर्षं गेली. आई वारली, वहिनीच्या हाताला गुण नाही हे मनात धरूनच. मी लग्न करून पंचवटीत राहायला गेलो. एका रविवारी वहिनीचा फोन आला — मुलीसाठी कॉम्प्युटर घेतलाय, छोटाच, सुटे भाग आणलेत, याल का? गेलो. भाग तिने स्वतः निवडले होते, आणि बसका कूलर अगदी मापाचा होता. मी हात पुढे केला तर म्हणाली, "कूलर मी बसवते."

तिने तो उलटा केला. नखाने कोपरा उचलून पापुद्रा सावकाश सोलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"तेव्हाचा तुमच्या शर्टाच्या खिशात होता, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "शर्ट मीच धुतला होता. काय लिहिलंय तेही वाचता येत होतं मला."

मला काय वाटलं असेल? शरम? नाही, खोटं कशाला सांगू. मला तिचा राग आला. दगा झाल्यासारखं वाटलं — मला! इतकी वर्षं हिला माहीत होतं, आणि हिने मला तो किस्सा तिच्याच तोंडावर सांगू दिला, चहा देत राहिली. मीच फसवलेल्या माणसाने मला फसवलं, असं मी त्या क्षणी खरोखर मनात म्हणालो. ती कूलर बसवून स्क्रू आवळायला लागली, कोपऱ्याकोपऱ्याने, मी शिकवलं होतं तसं.

तेवढ्यात दादा आत आला. मशिन पाहून त्याला जुनं आठवलं. म्हणाला, "झालं का? या वेळी माळ नको हां घालू." आणि हसला.

वहिनीचा हात थांबला. तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, त्या वेळी बघितलं होतं तसंच. पापुद्रा माझ्या मुठीत होता. दादा समोर उभा होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी हसलो. दादाबरोबर, मोठ्याने.