सबनीस काकांची कव्हरं

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या या सोसायटीत राहायला आले त्या पहिल्याच रविवारी मला भिंतीत खिळा ठोकायचा होता, आणि सामानात हातोडी काही सापडेना. खालच्या मजल्यावर दारावर मराठी पाटी पाहिली होती, म्हणून बेल वाजवली. सबनीस काकांनी हातोडी आणून दिली ती पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड लावून. मला वाटलं, नवी कोरी दिसतेय. तर म्हणाले, "आर. के. पुरमला क्वार्टरमध्ये होतो तेव्हाची आहे. ठोकताना पिशवी काढायची गरज नाही हं." मी घरी येऊन अर्थातच पिशवी काढली, खिळा ठोकला आणि जशीच्या तशी गुंडाळून परत दिली. काकांनी रबरबँडकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "काढली होतीस."

मंत्रालयातल्या फायलींमध्ये उभा जन्म गेलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर फायली नव्हत्या, तर घरातल्या वस्तूंना कव्हरं घालत बसायचा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये. फ्रीजच्या हँडलला कापडी बाही. वॉशिंग मशीनच्या बटणांवर दुकानातून येतानाची पातळ फिल्म अजून तशीच, कडेला पिवळी पडलेली. सोफ्यावर चादर, चादरीवर दुसरी चादर. मूळ सोफा कुठल्या रंगाचा आहे हे मी कित्येक वर्षं त्या घरात चहा पिऊनही सांगू शकले नसते. या चादरी आणायला काका मुद्दाम पानिपतला जायचे आणि आल्यावर न चुकता म्हणायचे, "मराठी माणसानं पानिपताहून जिंकून आणलेली ही एकच गोष्ट." त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. "वस्तू वापरावी. पण आपण तिला वापरतोय हे तिला कळू देऊ नये."

शैलाकाकू यावर इतकं हसायच्या की त्यांना ठसका लागायचा. "मला लग्न करून आणलं तेव्हा कव्हर कसं घालायचं हे सुचलं नसेल यांना, नाहीतर सोडलं नसतं," असं त्या मला काकांच्या देखत सांगायच्या. काकू म्हणजे उघड्या दाराची बाई. सकाळी बाल्कनीतून भाजीवाल्याशी अर्धा तास गप्पा, दुपारी दार सताड उघडं, येईल त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं. काका मागून दार लोटत फिरायचे, धूळ येते म्हणून. काकू परत उघडायच्या. भांडण म्हणाल तर त्या दोघांत एवढंच होतं.

त्यांचा तो ठसका आम्ही सगळ्यांनीच हसण्यावारी नेला. मग एका हिवाळ्यात जिना चढताना त्या मध्येच बसल्या, आणि डॉक्टरांनी फुफ्फुसांचे फोटो समोर धरून सांगितलं की हा आजार बरा होणारा नाही, सांभाळायचा आहे. दिल्लीची हवा यांच्यासाठी विष आहे. शक्य असेल तर शहर सोडा, नसेल तर निदान दिवाळी ते होळी खोलीतली हवा स्वच्छ ठेवा. शहर सोडायला काकू तयार होईनात. मग बंगळूरहून मुग्धानं, त्यांच्या लेकीनं, हवा शुद्ध करायचं मशीन पाठवलं.

काकांनी जे काम अंगावर घेतलं ते मी विसरणार नाही. खोलीच्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या. दाराखाली ओला पंचा गुंडाळून ठेवला. उदबत्ती बंद, फोडणी बंद. काका स्वतः बिनफोडणीचं वरण करायचे आणि काकू नाक मुरडत खायच्या. मशीन रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसलं जायचं. त्याचं माहितीपुस्तकसुद्धा खराब होऊ नये म्हणून सीलबंद पाकिटातच कपाटात गेलं. काकूंना त्या खोलीत बसवून काकांनी पहिल्यांदा दार लावून घेतलं, तेव्हा आतून आवाज आला, "झालं समाधान? घातलंत एकदाचं मलाही कव्हर." बाहेर आम्ही दोघंही हसलो. काका जरा जास्तच वेळ हसले.

आणि एक गोष्ट. त्या खोलीत ते स्वतः बसत नसत. बाहेर हॉलमध्ये, त्या दोन चादरींच्या सोफ्यावर, तोंडाला रुमाल बांधून बसायचे, झोपायचेही तिथेच. मी विचारलं, तर हळू आवाजात म्हणाले, "अगं ज्योती, मशीन किती हवा गाळणार? दोघांनी घेतली तर हिला कमी पडेल." मी तोंडाळ बाई. म्हटलं, काका, ती काय पाण्याची टाकी आहे? ते बिल्कुल हलले नाहीत. मशीनवरचा हवेची शुद्धता दाखवणारा दिवा मात्र लालचा हिरवा होत नव्हता, फार तर केशरी व्हायचा. काका जाळीपुढे हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "दिल्लीच अशी आहे, यार. मशीन बिचारं तरी काय करणार."

ऐन थंडीत काकूंना न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलमधून त्या परत आल्या नाहीत. त्यांना शेवटचं घरी आणल्यावर काकांनी कपाटातून मोरपंखी इरकल काढली. मुग्धाच्या लग्नासाठी घेतलेली, पण हळदीचा डाग पडेल म्हणून काकूंना नेसू न दिलेली. पिशवी अजून दुकानातली होती. त्यांना कात्री सापडेना, तेव्हा त्यांनी ती पिशवी दातांनी फाडली. साडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "नेसव हिला. आता डाग पडला तरी चालेल." मी नेसवली. हाताला घडी इतकी कडक लागत होती की निऱ्या बसेनात, आणि मला रडता रडता काकांचा भयंकर राग आला.

काकू गेल्यावरही ते मशीन रिकाम्या खोलीत चालूच होतं. होळीच्या सुमारास त्याच्यावर फिल्टर बदलायचा दिवा लागला. नवा फिल्टर मुग्धानं आधीच पाठवून ठेवला होता. काकांचे हात थरथरायचे, म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि मला चहा पाजायचा म्हणून दूध आणायला खाली गेले. मी मागचं झाकण काढलं. आतली घड्याघड्यांच्या कागदाची चौकट बाहेर ओढली. ती दुधासारखी पांढरी होती. कारण ती प्लास्टिकच्या पिशवीत होती. कारखान्यातून आली तशीच, चारी बाजूंनी बंद. अख्खा हिवाळा मशीन आवाज करत होतं, दिवे लावत होतं, आणि त्यातून गाळून आलेली हवा काकूंना मिळालीच नव्हती.

मी तशीच पलंगावर टेकले. मग घाईघाईनं नव्या फिल्टरची पिशवी फाडली, तो आत बसवला आणि जुना माझ्या थैलीत कोंबला. काका आले. मशीन सुरू केलं, सवयीनं जाळीपुढे हात धरला, आणि हात तिथेच राहिला. "आज हवा चांगली येतेय," ते म्हणाले. मी म्हटलं, नवा फिल्टर आहे ना. पलंगावर नव्या फिल्टरची पिशवी पडली होती, ती मी विसरले होते. काकांनी ती उचलली. कुठलंही प्लास्टिक दिसलं की नीट घडी करून ठेवायची त्यांची सवय. एक घडी घातली, दुसरी घालता घालता थांबले.

"हे काढायचं असतं?"

"हल्लीच्या नव्यांना असतं, काका. जुन्याला नव्हतं."

ते मशीनकडे बघत राहिले. दिवा लालचा केशरी झाला, आणि मग आम्हा दोघांच्या देखत हिरवा झाला. तो रंग त्या खोलीत मी पहिल्यांदाच बघत होते.

"जुना काळा झाला होता ना गं?"

"कोळशासारखा," मी म्हटलं.

"अच्छा," काका म्हणाले, आणि चहा करायला गेले.

मी नंतर काकूंच्या डॉक्टरबाईंना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, आजार फार पुढे गेला होता, मशीननं किती फरक पडला असता ते कुणालाच सांगता येणार नाही. मला त्यांच्या तोंडून 'काहीच नाही' हे ऐकायचं होतं. तेवढं त्या म्हणाल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात काकांकडे गेले, तर सोफा मरून रंगाचा होता. सगळ्या चादरी जमिनीवर. रिमोट उघडा, फ्रीजचं हँडल उघडं. काका वॉशिंग मशीनपुढे स्टुलावर बसून नखांनी ती पिवळी फिल्म खरवडत होते, आणि बोटातून रक्त आलं होतं. मी हात धरला तर म्हणाले, "राहू दे. जुनं होऊ दे सगळं." मुग्धा त्यांना बंगळूरला घेऊन गेली, तेव्हा निघताना त्यांनी मला हातोडी दिली. पिशवी नव्हती. गाडीत बसण्याआधी माझ्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "त्या दिवशी काळा म्हणालीस, बरं केलंस." मला तोंड वर करता आलं नाही.

पावसाळा संपता संपता काका गेले. मुग्धाचा फोन आला. बाबांना शेवटी काय झालं होतं कळत नाही, म्हणाली, तिच्या नव्या फोनचं कव्हरसुद्धा काढून फेकून द्यायचे. मग तिनं विचारलं, "ताई, खरं सांग. मी पाठवलेल्या मशीनचा आईला काही उपयोग झाला होता का गं?"

तो फिल्टर माझ्या माळ्यावर आहे, पांढरा, पिशवीतला. मला तो टाकवत नाही.

"झाला ना," मी म्हटलं. "मी स्वतः काढला ना फिल्टर. कोळशासारखा काळा झाला होता."