टाकीवरचं कुलूप

"कुलूप तोडा म्हणतोय ना! कटर आणा!" मॅनेजरसाहेब लोट्याच्या केमिकल प्लँटमध्ये ओरडत होते आणि मी खेडला, घरच्या न्हाणीत, डोक्याला साबण लावून ते फोनवर ऐकत होतो. दोष माझाच. दुरुस्तीला टाकीत उतरणाऱ्याने तिच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, बाहेर आल्यावर स्वतःच काढायचं. तोवर आतलं माल ढवळणारं पातं फिरवायचं नाही. सलग दोन पाळ्या करून मी इतका पेंगुळलो होतो, की कुलूप तसंच ठेवून किल्लीसकट कंपनीच्या बसमध्ये चढलो.

आमच्या पाळीचे इन्चार्ज म्हणजे बुरोंडीचे चाचा. त्यांच्या लेखी पृथ्वीवरचा जो माणूस डोळ्यांसमोर नाही, तो टाकीत असतो. पुतणीच्या निकाहात त्यांनी मांडवाला खेटून पेटवलेल्या शेगड्या विझवून पार कुंपणापाशी नेववल्या; तीनशे पाहुणे नुसत्या बिर्याणीच्या वासावर तासभर बसले आणि नवरदेवाला भोवळ आली, हे मी शपथेवर सांगतो. घरच्या माळ्यावरही ते हेल्मेट घालून चढतात. त्यापेक्षा माळ्यावरचं काही काढायचं तर चाची शेजाऱ्यालाच हाक मारते.

साहेब म्हणाले, तो घरी आहे, बोलतोय की. चाचा म्हणाले, आवाज टाकीतनंही येतो. मग व्हिडिओवर माझं साबणाचं तोंड दाखवून झालं. तिकडे माल खोळंबला होता, सगळेच थकले होते. शेवटी चाचांनी पाळीची वही पुढे केली.

"साहेब, आत कोण नाय, असं लिवून सही करा. लगेच तोडतो."

साहेबांनी पेन उघडलं आणि परत खिशात ठेवलं. मग साहेबांचा बारीक आवाज आला: जीप पाठवा त्याला आणायला. आणि चाचा, तुम्ही उद्यापासून गेटवर बसा.

जीप आली. वाळलेल्या साबणाने ताठ झालेल्या केसांनी मी कुलूप काढलं. चाचांनी तरीही टॉर्च लावून टाकीत डोकावून घेतलं, मगच स्विच चालू करू दिला.

निवृत्तीला सहा महिने राहिलेला, तीस वर्षं प्लँट चालवलेला माणूस आता गेटवर टँकरचे नंबर उतरवतो. परवा पाळी सुटल्यावर मी त्यांच्यापाशी टेकलो. राहवेना म्हणून विचारलं, "चाचा, साहेबांनी त्या दिवशी सही केली असती तर?"

चाचांनी वहीतून मान वर केली नाही.

"तरी तुला बोलावला असता."