प्रेस शॉपमधली खूण

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. या सदरात येणारे अनुभव मी वाचतो, पण ते जेवणानंतर बडीशेप खावी तसे. चौतीस वर्षं एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात त्या विभागात काढली, त्यातली शेवटची अकरा इन्स्पेक्शनला. माप बसलं तर माल पुढे, नाही बसलं तर रिजेक्ट. मधलं काही नसतं. हे जे झालं ते मला दोन्हींपैकी कुठेच ठेवता येईना, म्हणून लिहून पाठवतोय.

आम्ही बेंगळुरूचे, येलहंक्याचे. इथली आमची ही कितवी पिढी ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. घरात मराठीच बोलतो, पण त्यात 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' असं कन्नड येणारच. आमचे जावई निनाद पुण्याचे, एचएसआर लेआउटला राहतात, आयटीत आहेत. त्यांच्या मते मी बोलतो ते मराठीच नव्हे. स्वतः अर्धं वाक्य इंग्लिशमध्ये बोलतात, ते मात्र चालतं.

मुद्द्यावर येण्याआधी प्रेस शॉपबद्दल थोडं सांगावं लागेल. एवढाली मशिनं शेजारी धडधडत असताना बोलून काही उपयोग नसतो. सगळं खुणांवर चालतं. मूठ दाखवली की थांबव, अशा साध्या खुणा सगळीकडे असतात. पण एक खूण आमच्याच शॉपमधली होती. डावा पंजा पालथा धरायचा, उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या पाठीवर दोनदा टेकवायची, आणि मग उजवा हात सरळ बाजूला न्यायचा. अर्थ असा, की चालू आहे ते चालू दे, हात लावू नको. शेजारच्या शॉपमधल्यांनासुद्धा ती कळायची नाही.

त्या आवाजात माझे कान गेले. आता कानात ऐकायचं मशीन लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही. सुलभा – माझी बायको – ओरडून ओरडून कंटाळली आणि शेवटी माझ्या सगळ्या खुणा शिकली. लग्नकार्यात हॉलच्या त्या टोकावरून मला 'पुरे करा, मधुमेह आहे' हे हातांनी सांगायची. रविवारी दुपारी मी झोपलेलो असलो आणि वीणा, आमची मुलगी, मला उठवायला निघाली, की सुलभा स्वयंपाकघरातूनच ती खूण करायची. चालू दे, हात लावू नको.

मागच्या वर्षी सुलभा गेली. कॅन्सर. केमोत केस गेले होते, नंतर उगवले ते अगदी आखूड, पांढरे. शेवटचे दिवस हेब्बाळच्या बाजूच्या एका हॉस्पिटलमध्ये होती. दुपारी तीनचा सुमार. वीणा आंघोळीला घरी गेली होती. दोन रात्री मी खुर्चीत बसून काढल्या होत्या, आणि तिथल्या मशिनांचं ते टी-टी-टी माझ्या कानातल्या मशीनमधून थेट डोक्यात घुसत होतं. म्हटलं, स्वल्प पाच मिनिटं... मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. आणि मला झोप लागली.

कोणीतरी खांदा हलवला तेव्हा पडदा ओढलेला होता आणि डॉक्टर उभे होते. झालं होतं.

मी मशीन लावलं, तर शेजारच्या पेशंटजवळ बसलेली बाई म्हणाली, "अय्यो सर, अम्मा तुमच्याकडे बघून हात करत होत्या. बोलवत होत्या वाटतं."

वीणा धावत आली. तिने विचारलं, "अण्णा, तुम्ही होता ना जवळ?" मी म्हणालो, "हो. हात धरून बसलो होतो. शांत गेली." एवढं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. रडू नाही, काही नाही. दहावा, तेरावा सगळं रीतसर केलं. जेवत होतो, कुंड्यांना पाणी घालत होतो, बँकेत जाऊन सह्या करत होतो. लोक म्हणायचे, धीराचा माणूस. कसला धीर डोंबलाचा... आत काही हलतच नव्हतं. फक्त दोन गोष्टी बदलल्या. दुपारी मी कधी आडवा झालो नाही, आणि आंघोळ सोडली तर कानातलं मशीन काढलं नाही. रात्रीसुद्धा नाही. कान दुखायचे, दुखू दे म्हणायचो.

ती मला बोलवत होती आणि मी ऐकलं नाही. एवढं एकच माहीत होतं. त्या वेळी ड्युटीवर असलेल्या नर्सला जाऊन विचारता आलं असतं, पण हिंमत झाली नाही. बस हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर आली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायचो.

आता बालीचं सांगतो. सुलभाने मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला होता – जंगलातला धबधबा, आसपास माणूस नाही. "इथे जाऊ या," म्हणाली होती, "इथे तुम्हाला मशीनच लागणार नाही. बोलायला कोणी नाहीच." तिच्या आजारपणात ते राहून गेलं. वर्ष होत आलं तेव्हा वीणाने आम्हा तिघांची तिकिटं काढली आणि मला जवळजवळ उचलूनच नेलं. मी नाही म्हटलं नाही. त्या दिवसांत मी कशालाच नाही म्हणत नव्हतो.

तिथल्या उबुड गावात हॉटेल होतं. तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या धबधब्यांची दिवसाची ट्रिप होती, गाइडसकट. नेमकं त्या सकाळी जावईबापूंचं पोट बिघडलं. वीणा म्हणाली, "अण्णा, तुम्ही जा. आईला बघायचं होतं ते." मी गेलो. गाडीत मी आणि एक कोरियन जोडपं. गाइडचं नाव मादे – पन्नाशीचा माणूस, पिकलेल्या मिशा, सावकाश तोडकं इंग्लिश. ते मला कळत होतं.

गाडी दोन तास चढत गेली. मग लवंगांच्या आणि कॉफीच्या झाडांमधून पायवाट, मग शेवाळलेल्या पायऱ्या. वाटेत एका दगडी देवळीपुढे मादेने नारळाच्या पानांचा छोटा द्रोण ठेवला, त्यात फुलं, वर उदबत्ती. आम्हाला तिघांना कमरेला गुंडाळायला लुंगीसारखं कापड दिलं. कोरियन पोराला ते जमेना, मी बांधून दिलं. जंगल ओलं, हिरवं, शांत. सुंदर होतं असं म्हणायला हवं. मी पायऱ्या मोजत होतो.

पहिल्या धबधब्यापाशी एक बांबूचं खोपटं होतं, आत एक लांब बाक. मी म्हटलं मी इथेच बसतो. तिघं खाली पाण्याकडे गेले. तुषार पार बाकापर्यंत येत होते, कानातलं मशीन भिजायला लागलं. भिजलं की ते मेलंच. काढावं की नाही यात मी बराच वेळ घालवला. शेवटी काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात. समोर एवढं पाणी कोसळत होतं आणि आवाज काही नाही.

तुम्हाला वाटेल आता मला ती दिसली, नाहीतर तिचा आवाज आला. लोकांना थंड वारा लागतो, मोगऱ्याचा वास येतो. मला काही म्हणजे काही झालं नाही. मी झोपलो. बसल्या बसल्या, बहुतेक घोरत.

जाग आली तेव्हा घड्याळात सव्वा वाजला होता. म्हणजे दीड तास. मादे आणि ते दोघं वरच्या वाटेने येत होते – दुसरा धबधबा बघून. मी घाईने मशीन लावलं आणि जरा तिरसटपणेच विचारलं, "मला का नाही उठवलं?"

मादे म्हणाला, "आलो होतो उठवायला. मॅडम नको म्हणाल्या."

"कुठल्या मॅडम?"

"तुमच्या बाजूला बसल्या होत्या त्या. बोलल्या नाहीत, हातानं सांगितलं."

आणि त्याने डावा पंजा पालथा धरला, उजव्या हाताची दोन बोटं त्यावर दोनदा टेकवली, आणि हात सरळ बाजूला नेला.

मी त्याला पुन्हा करायला लावलं. त्याने पुन्हा केलं, तसंच. अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण चेहऱ्यावरून कळलं म्हणाला, की झोपू दे म्हणताहेत. त्याला वाटलं दुसऱ्या ग्रुपमधली माझी ओळखीची बाई असेल. कशी होती विचारलं, तर म्हणाला, "वयस्कर. केस पांढरे, खूप आखूड." कुठल्या बाजूला बसली होती? डाव्या. माझा उजवा कान जास्त गेलेला आहे, म्हणून सुलभा कायम डावीकडे बसायची.

इन्स्पेक्शनचा माणूस आहे, सगळं तपासलं. माझ्या मोबाइलवर सुलभाचा फोटो आहे, तो मादेने बघितला असेल? पण त्यात तिची जाड वेणी आहे. ती खूण मीच सवयीने गाडीत केली असेन, एसी असू दे म्हणून? असेल. नाही म्हणू शकत नाही. दुसरी कुणी बाई आली असेल? त्या वाटेवर तेवढ्यात दुसरा ग्रुप आला नव्हता, हे त्या कोरियन पोरीने सांगितलं. पण एकटीदुकटी कोणी आली असेल तर माहीत नाही. हॉटेलवर वीणाने विचारलं, "कसं होतं?" मी म्हणालो, "पाणी भरपूर होतं."

बेंगळुरूला परत आलो आणि चौथ्या दिवशी हेब्बाळला उतरलो. त्या मजल्यावर गेलो, विचारत विचारत ती नर्स सापडली. चिक्कबळ्ळापूरकडची, तिशीची मुलगी. मला बघून हातातला ट्रे तिने खाली ठेवला.

मी कन्नडमध्ये विचारलं, "त्या दुपारी माझी बायको हात करून मला बोलवत होती का?" कशासाठी आलोय, काय झालंय, काही सांगितलं नाही.

ती म्हणाली, "नाही अंकल. तुमच्याकडे बघत होत्या, म्हणून मी विचारलं, 'एब्बिसला अम्मा?' – उठवू का? तर त्या हसल्या आणि असं केलं." तिने पंजा पालथा धरला. दोन बोटं. दोनदा. "तो सलाईनचा हात होता, सुईवर आपटत होत्या म्हणून मी रागावले. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तसंच. मग मी पुढच्या बेडकडे गेले. दहा मिनिटांत..." मग म्हणाली, "मी उठवायला हवं होतं अंकल. मला रोज वाटतं."

तिला मी म्हणालो, "नाही. तिने सांगितलं तसंच केलंस." मी त्या मुलीला धीर देत होतो, आणि आतून मला सुलभाचा राग येत होता. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी आलं, तर ते हे. झोपू दे काय? विचारायचं तरी मला. मी उठलो असतो.

संध्याकाळी वीणाकडे गेलो आणि सगळं सांगितलं – बालीचं, नर्सचं, आणि आधी ते खोटं. ती ओट्याशी उभी होती. "म्हणजे तुम्ही झोपला होता," एवढंच म्हणाली. मी हो म्हणालो. तिने चहाचा गॅस बंद केला आणि आत गेली. मी बसने येलहंक्याला परत आलो. सहा दिवस तिचा फोन नाही. मीही केला नाही.

रविवारी दुपारी जेवून खाटेवर बसलो होतो. कान दुखत होते. मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि आडवा झालो.

उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. स्वयंपाकघरात दिवा होता. जावई बाहेरच्या खोलीत मोबाइल बघत बसले होते. मी मशीन लावलं. म्हटलं, "कधी आलात?"

"तीनलाच आलो, बाबा, वीणाकडच्या किल्लीने. ॲक्च्युअली मी तुम्हाला उठवणार होतो, पण वीणाने किचनमधून असं काहीतरी केलं..." आणि त्यांनी हात वर केला. पंजा उलटाच धरला, बोटं तीनदा टेकवली, सगळं चुकवलं. "हे काय असतं?"

मी रडायला लागलो, जावयांसमोर, बनियनवर. ते बिचारे घाबरून "वीणा, वीणा" करत आत पळाले. ती बाहेर आली, माझ्या डावीकडे बसली, आणि मला रडू दिलं.

हे तिला वाचून दाखवूनच पाठवतोय. त्या बाकावर मादेने कोणाला बघितलं, हे मला माहीत नाही. माप घेतलं, पुन्हा घेतलं, बसत नाही. हल्ली दुपारी मी झोपतो. मशीन काढून.