दोन झाकणं, समान पाणी

मम्मीच्या ऑपरेशननंतर मी दोन महिन्यांसाठी म्हणून नाशिकहून जळगावला आले, तेव्हा बॅगेत दोन टॉवेलांत गुंडाळलेली वाइनची एक बाटली होती. नाशिकला मी एका वायनरीत कामाला होते. आलेल्या पाहुण्यांना ग्लासात थोडी थोडी वाइन ओतायची आणि तिच्याबद्दल इंग्रजीतून सांगायचं, हे माझं काम. नातेवाइकांत मान खाली घालून बसणारी मी अनोळखी माणसांशी नीट बोलू शकते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. घरी मात्र 'फूड कंपनीत, क्वालिटीला' असं सांगितलं होतं. पप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्याकडे कुणी सुपारीसुद्धा खात नाही.

निघताना मॅनेजर मॅडमनी ती बाटली दिली. मी कामाला लागले त्या हंगामातल्या द्राक्षांची. "पाच वर्षं हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि जूनअखेर परत ये. तोवर तुझ्या जागी कुणाला घेत नाही." मी दोन्हींना हो म्हटलं.

घरी वाइन कशी ठेवायची, हे पाहुणे हमखास विचारायचे. आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आत हवा जात नाही. अंधारात ठेवा. गार जागी, पण फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं नको, तिथे बूच सुकतं. उगाच हलवू नका. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं, पण यातलं काहीही एप्रिलमध्ये जळगावच्या घरात जमवायचं म्हणजे काय, याचा विचार कधी केला नव्हता.

वायनरीतला थर्मामीटर माझ्याजवळ होता. कपाटात एकोणचाळीस. दिवाणात अडतीस, वर गाद्यांचा वास. सगळ्यात गार कप्पा देवघराखालचा निघाला. तो मी उघडला आणि तसाच लावून घेतला. शेवटी ओट्याखालच्या कडप्प्यावर, कळण्याच्या भाकरीच्या पिठाच्या डब्यामागे बाटली आडवी ठेवली आणि तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं. आमच्या कोरड्या हवेत ओलं कापड माठासारखं काम करतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सत्तावीस. वायनरीतल्या तळघरापेक्षा दुप्पट, तरीही त्या सत्ताविसाचा मला फार अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी मम्मी भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली.

"हे ओलं गोणपाट कशाला गं इथे? पिठाला ओल लागेल."

"औषध आहे, मम्मी. गार ठेवायचं असतं."

"कसलं औषध?"

"द्राक्षासव."

"एवढी मोठी बाटली?"

"कंपनीतून मिळाली."

ती मान डोलावून गेली. द्राक्षासव आमच्या घराला नवीन नव्हतं. टायफॉइडमधून उठलेल्याला, बाळंतिणीला, ज्याला म्हणून अशक्तपणा आहे त्याला ते जेवणानंतर दिलं जायचं, दोन झाकणं आणि तेवढंच पाणी. मला ते इतक्या सहज सुचलं की मी स्वतःवर खूशही झाले.

मेच्या मध्यावर मावशीने मला आठ दिवसांसाठी धुळ्याला बोलावलं. मदतीला म्हणून. तिथे चौथ्या दिवशी एक कुटुंब चहाला आलं आणि मुलाच्या आईने विचारलं, "नोकरी कसली करते?" मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "फूड कंपनीत होती." होती. मी खारी बिस्किटांची बशी पुढे केली.

परत आले तर बाटली गॅसशेजारच्या फळीवर उभी. जेमतेम अर्धी उरलेली. लेबल खरवडून काढलेलं, फक्त डिंकाचे पांढरे ओरखडे. बूच आत पडून तरंगत होतं आणि तोंडावर खोकल्याच्या औषधाचं झाकण उपडं घातलं होतं.

"तू नव्हतीस, आणि मला चक्कर येत होती," मम्मी म्हणाली. "पप्पांनी स्क्रू ड्रायव्हरने बूच आत ढकललं. मग मी गाळून घेते. जरा तुरट आहे, पण झोप छान लागते बाई."

"लेबल?"

"तेही पप्पांनीच काढलं. ओलीने सुटत होतं म्हणे."

शेजारच्या अक्का, मूळच्या धुळ्याकडच्या, त्यांनाही वाटी जात होती. दाराशी बसून त्या मला म्हणाल्या, "मना गुडघासले आराम शे वं पोरी!" मम्मी हसली. "पप्पांनाच किती म्हटलं घ्या, घ्या. तर त्यांची आपली बीपीची गोळी चालू आहे."

पप्पा पेपर वाचत होते. ज्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन मला इंग्रजी शाळेत घातलं, रोज माझ्यासोबत बसून स्पेलिंगं पाठ केली, त्याने ते लेबल वाचलं नसेल, असं मी कितीही ठरवलं तरी मला मानता येईना. त्यांनी पान उलटलं. माझ्याकडे बघितलं नाही.

जेवण झाल्यावर मम्मीने मलाही पेला दिला. "घे, किती वाळलीस धुळ्याला." दोन झाकणं, समान पाणी. वाइन आंबायला लागली होती. तरी त्या पाण्याखालून जांभळाची चव आली, मागे किंचित लवंग. पाहुण्यांना मी हेच सांगायचे. मी पेला धुऊन पालथा घातला.

आठवडाभरात बाटली संपली. अक्का विचारायला आल्या, "सरी गयं का बठ्ठं?" आणि मम्मी माझ्याकडे वळली.

"तुझ्या कंपनीतून अजून एक मागवशील?"

"ती कंपनी आता कुठली," पप्पा पेपरमागून म्हणाले. शांतपणे, जसं ते दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगतात. "धुळ्याचा होकार आलाय."

ते मला पहिल्यांदा तेव्हाच कळलं. मम्मी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. तिला नक्की काय ते ठाऊक नव्हतं, पण काहीतरी आहे हे दिसत होतं, आणि ती थांबली होती. मी तेव्हा बोलू शकले असते. अनोळखी तीस माणसांसमोर मी अर्धा अर्धा तास बोलले आहे.

"हो," मी म्हटलं. "ते बनवायचं बंद केलं त्यांनी."

पप्पांनी पेपरची घडी घातली.

जूनअखेर मॅडमना इंग्रजीत चार ओळी पाठवल्या, घरची अडचण म्हणून. त्यांचं उत्तर लगेच आलं, चांगलं होतं. शेवटी विचारलं होतं, बाटली नीट ठेवली आहेस ना?

रिकाम्या बाटलीत मम्मीने मनीप्लांट लावलाय. खिडकीत, उन्हात. पाणी मी बदलते.