न फेकलेली कुऱ्हाड

शाळेत फोन आला तेव्हा मी काटोलला सातवीच्या वर्गावर होते. "कमल गेली," एवढंच दादा बोलला. कमलवहिनी म्हणजे माझी भावजय. तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. दादा खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होता, आणि तिथल्या वसाहतीत निम्मे लोक वहिनीला 'कुऱ्हाडवाली बाई' म्हणूनच ओळखायचे.

लहानपणापासून ती सर्कशीत वाढली. फळीसमोर माणूस उभा करायचा आणि त्याच्या कानाशेजारी, खांद्याशेजारी कुऱ्हाडी रोवायच्या, हे तिचं काम. नागपूरला तंबू पडला असताना दादानं तिला पाहिलं आणि लग्न करीन तर हिच्याशीच, असं घरात सांगून टाकलं. लग्नानंतर सर्कस सुटली, कुऱ्हाडीही तिकडेच राहिल्या. सत्तर सालच्या आसपास वसाहतीच्या स्नेहसंमेलनात खेळ करण्याचं आमंत्रण आलं, तेव्हा नवी कुऱ्हाड घ्यायला ती मला नागपूरला इतवारीच्या बाजारात घेऊन गेली. एकेक पातं हातात घेऊन ती बोटावर तोलायची, टिचकी मारून कान द्यायची आणि परत ठेवायची. दुकानदार वैतागला. "बाई, लाकडंच फोडाची ना? कोणतीबी घ्या."

"फोडाची नाही जी, फेकाची आहे," ती म्हणाली. त्यानं मागची पातीही पुढं सरकवली. शेवटी तिनं उचललं ते कोपऱ्यातलं, गंजलेलं, हलकं पातं. दांडा तिनं स्वतः तासला, सरळ रेषांचं लाकूड शोधून. त्याला रंग नाही, रोगण नाही, फक्त जवसाचं तेल. रोगणानं दांडा तळव्याला चिकटतो आणि सुटायच्या वेळी सुटत नाही, असं तिनं मला समजावलं. धारेवर कानस फिरवायची तीही बेतानं. आणि एक गोष्ट ती बजावून सांगायची : ढिला दांडा पाण्यात भिजवायचा नाही. लाकूड तेवढ्यापुरतं फुगतं आणि सुकलं की आणखीच सैल होतं.

संमेलनाच्या दिवशी मैदान भरलं होतं. फळीसमोर दादा उभा राहिला, छाती काढून. वहिनीनं कुऱ्हाड उचलली, टिचकी मारली, ऐकलं. पुन्हा मारली. दांड्याकडे पाहिलं, मग दादाकडे... आणि कुऱ्हाड टेबलावर ठेवून दिली.

"फेक ना वं," दादा ओरडला. "मी उभा आहो ना!"

"तुमी उभे आहा म्हणूनच," ती म्हणाली. मग लोकांकडे वळून हात जोडले. "माह्या हातून पाचर नीट बसली नाही. आज खेळ होणार नाही."

शिट्ट्या झाल्या. "डरली रे, डरली!" कुणीतरी ओरडलं. त्या गर्दीतून ती ताठ मानेनं चालत घरी आली. मला मात्र राग आला होता, तिचाच. एवढी पारख करणारी बाई पाचर बसवायला चुकते कशी? पुढे वर्षभर नळावर बायका तिला टोमणे मारायच्या. ती हसून बादली उचलायची.

पुढच्या संमेलनाला तिनं पुन्हा नाव दिलं. दादा पुन्हा फळीसमोर उभा राहिला, या वेळी डोळे मिटून. कुऱ्हाड पाचदा फेकली, पाचही वेळा हवी तिथं लागली. त्यानंतर दहा-बारा वर्षं हा खेळ चालला, तिचा खांदा दुखायला लागेपर्यंत.

परवा खापरखेड्याला गेले तेव्हा दादानं आपणहून विषय काढला. "त्या वर्षी कुऱ्हाड मीच भिजवली होती. घट्ट बसंल म्हणून दोन दिवस बादलीत ठेवली, मंग उन्हात वाळवली, तिले न सांगता. त्या दिवशी घरी येऊन अंगणात मी ती नुसती उगारली, तर पातं निघून मागं भिंतीवर आदळलं." तो उठून पडवीकडे निघाला. "ती मैदानातच समजली होती. पण तिनं कोणाले सांगितलं नाही. मलेही एक शब्द बोलली नाही."

 एवढी वर्षं मी तिच्या शेजारी बसून जेवले होते.

मागच्या पडवीत ती फळी अजून टेकवलेली आहे. दोन्ही बाजूंनी, वरून, नुसते घाव. एकावर एक, जुन्यावर नवे. मधोमध मात्र माणसाएवढी जागा कोरी. दादा तिच्यावरून सावकाश हात फिरवत होता.

"पाहा ना," तो म्हणाला, "एक ओरखडा नाही."